किटलीवरचा स्वयंपाक

भाऊ, आर्वीच्या वसतिगृहात तीन वर्षं काढली म्हणून सांगतो, खोलीत भांडी गोळा करत बसू नको. एक किटली, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा अन् जुनी शाल, एवढ्यात भागते.

आधी वॉर्डनला विचार, मग बोर्ड पाहा. 1500 वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते आणि पंख्याजवळचा लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो. माझा एक्स्टेंशन बोर्ड पहिल्याच महिन्यात वितळला, रात्रभर खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास होता. 1000 वॅटच्या वर जाऊच नको.

किटलीत फक्त पाणी उकळायचं. डाळ टाकली की फेस उतू जाऊन थेट बुडाखालच्या वायरीत जातो. आईला रवा फोडणीसकट भाजून द्यायला सांग. डब्यात वाटीभर रवा, चवीपुरतं मीठ, वर दोन वाट्या उकळतं पाणी, झटकन ढवळ, झाकण लाव आणि शालीत गुंडाळून ठेव. दहा मिनिटांत उपमा फुलतो. झाकण उघडलं की आधी कढीपत्त्याची वाफ नाकात शिरते, भूक तिथंच दुप्पट होते. तुरीच्या डाळीचा नाद मात्र सोड, ती अशी शिजत नाही.

सकाळी लाइन नसली तर पोहे भिजव, त्यावर कच्चं तेल, कांदा, तिखट, मीठ. अन् घरून येताना जवसाची चटणी आणच. कोरड्या चमच्यानं घेतलीस तर पंधरा दिवस सहज पुरते.