चहाला किती वेळ लागतो?

"मॅडम, घरून काम असतं त्या दिवशीच मी जास्त दमतो."

गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! पुण्यातल्या आयटी कंपन्यांचे भाग: हिंजवडी, खराडी, मगरपट्टा. कंपनी बदलते, तक्रार तीच. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. प्रवास वाचतो, गरम जेवण मिळतं, तरी संध्याकाळी माणूस पिळून निघालेला असतो. ज्यांना हे सतावतं त्यांच्यासाठी हा एक अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो ३४ वर्षांचा, हिंजवडीत सीनियर इंजिनिअर. घरी बायको, पाच वर्षांची मुलगी आणि वडील. पहिल्या दोन भेटी दिनक्रम लिहून काढण्यातच गेल्या. ऑफिसच्या दिवशी सव्वाआठची बस, वाकडच्या पुलाशी खोळंबा, साडेदहाचा स्टँडअप म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, कोड रिव्ह्यू, सहाची परतीची बस. रात्री साडेआठला अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल, कारण तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजलेले असतात. घरच्या दिवशी कामं तीच, पण त्यांना ना सुरुवात ना शेवट. सकाळी सातला अंथरुणातूनच मेल. जेवणाचं ताट लॅपटॉपशेजारी. चहा करायला उठला की लॅपटॉपही उचलून ओट्यावर, शेगडीपासून हातभर लांब. एका हाताने साखर घालायची, दुसऱ्या हाताचं बोट टचपॅडवर फिरवत राहायचं. पाच मिनिटं हात लागला नाही की टीम्स या ऑफिसच्या ॲपवर नावापुढचा ‘हजर’चा हिरवा ठिपका पिवळा होतो ना, म्हणजे ‘जागेवर नाही’!

वेळापत्रक आखून देणं सोपं होतं. पण मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. १९५०च्या दशकात त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ विचाराचा गाभा मला मराठीत एका अक्षरात सापडतो: ‘च’. झालंच पाहिजे, दिसलंच पाहिजे. परिस्थितीपेक्षा हा ‘च’ जास्त छळतो. त्याचा ‘च’ कुठे दडलाय, ते मी शोधत होते.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "ऑफिसात चहाला किती वेळ लागतो?"

"वीस-पंचवीस मिनिटं. चौघं जण टपरीवर जातो."

"तेव्हा ठिपका कोणत्या रंगाचा असतो?"

तो हसला. "पिवळाच की."

"मग तेव्हा भीती वाटत नाही?"

"नाही. तेव्हा मी कामावर असतो ना."

स्वतःचंच वाक्य ऐकून तो थांबला. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मी फार वर्षांनी शिकले आहे. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वडील भोसरीत शिफ्टला होते. माणूस घरी दिसला म्हणजे एकतर आजारी, नाहीतर कंपनी बंद. अजूनही मी घरून काम करत असलो की विचारतात, आज सुट्टी का?"

तो ठिपका तो मॅनेजरला दाखवत नव्हता, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. या कामात असे क्षण मोजकेच येतात. तो मी जपून ठेवलाय.

पुढचं काम मग सोपं झालं. तुमचीही हीच तक्रार असेल, तर आधी तुमचा ‘च’ कागदावर लिहा आणि त्याला पुरावा मागा. ठिपका पिवळा झाला म्हणून आजवर कोणी खरंच जाब विचारलाय का? त्याने मॅनेजरलाच सरळ विचारलं. उत्तर आलं, "काम वेळेत येतंय, मला तेवढं पुरे."

दुसरं, बसने जी हद्द आखून दिली होती, ती घरी स्वतः आखावी लागते. तो सव्वासहाला उद्याची तीन कामं वहीत लिहितो, लॅपटॉप कपाटात ठेवतो आणि मुलीला घेऊन खाली उतरतो. कॉलसाठी कपाट पुन्हा उघडतं, पण मधले दोन तास त्याचे. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, कॉल साडेनऊवर जातो. तो जास्तीचा तासही त्याने मुलीला झोपवण्यासाठी आधीच राखून ठेवलाय. आणि ओट्यावर लॅपटॉप न्यायचा नाही, ही एकमेव अट माझी होती.

शेवटच्या भेटीत त्याने सांगितलं की आता तो दुपारचा चहा वडिलांबरोबर गॅलरीत घेतो.

"अजून विचारतात, आज सुट्टी का?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, नाही बाबा, कामावर आहे. चहाला आलोय."