लिस्बनसाठी लेन्स: लांबची नको, उजेडाची घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुटीत, म्हणजे नोव्हेंबरात, लिस्बन आणि पोर्तो मिळून दहा दिवस. बरोबर नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. हाताशी कॅनन २०० डी कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. खर्चायला २५ हजार. आणि मडगावातला दुकानदार म्हणतोय, "परदेशात चाललाय ना, मग ७५-३०० ची लांब लेन्स घेऊन टाका, सगळं जवळ दिसेल."

नका घेऊ. दुकानदार वाईट आहे असं नाही, पण "जवळ दिसेल" हे वाक्य सगळ्यांनाच भुरळ घालतं. मलाही घातली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी चुलतभावाकडे लिस्बनला गेलो तेव्हा मीही अशीच लांब लेन्स गळ्यात अडकवून गेलो. परत आल्यावर मोजलं. साधारण एकोणीसशे फोटो, त्यातले लांब लेन्सचे एक्केचाळीस. त्या एक्केचाळिसातले निम्मे लिस्बनच्या तेजो नदीवरच्या कुरव पक्ष्यांचे. तसले कुरव हिवाळ्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर फुकट दिसतात. बाकीचे हललेले. कारण ७५-३०० च्या स्वस्त प्रकारात स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही, आणि ३०० वर फोटो हलू नये असं वाटत असेल तर शटर निदान १/५०० सेकंद हवं. तेवढा उजेड नोव्हेंबरात युरोपात दुपारीही मिळेलच असं नाही.

लेन्सचा विचार बाजूला ठेवून आधी एक काम करा. गेल्या वर्षभरातले तुम्हाला स्वतःला आवडलेले शंभर फोटो वेगळे काढा. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंथ लिहिलेली असते (आकडा लहान तितकी नजर रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ), ती बघून कागदावर रेघा मारत जा: १८ ते २४, २४ ते ३५, ३५ ते ५५. अर्ध्या तासाचं काम आहे. बहुतेकांच्या रेघा १८ च्या बाजूला आणि ५५ च्या टोकाला गोळा होतात. ५५ वाल्या फोटोंत "अजून थोडं पुढे जाता आलं असतं तर" असं किती वेळा वाटलं, ते मनाशी प्रामाणिकपणे ठरवा. दहाच्या वर गेलं तर लांब लेन्सचा विचार जरूर करा, पण मग ७५-३०० ऐवजी ५५-२५० आयएस एसटीएम शोधा. वजन ३७५ ग्रॅम, स्टॅबिलायझर आहे. माझा अंदाज, तुमचा आकडा दहापर्यंत जाणार नाही.

आता खरा मुद्दा, उजेड. आपल्याकडे नोव्हेंबरात सूर्य सहाच्या पुढे मावळतो. लिस्बनला त्या दिवसांत साडेपाचच्या आतच मावळतो, आणि नोव्हेंबर तिथला पावसाचा महिना. सकाळी मुलाला उठवून, आवरून, नाश्ता करून हॉटेलबाहेर पडेपर्यंत दहा वाजणार. म्हणजे तुमच्या फोटोंचा मोठा भाग ढगाळ हवेत, अरुंद गल्लीत, ट्राममध्ये, चर्चमध्ये आणि रात्री जेवणाच्या टेबलावर निघणार. तिथे "लांबचं जवळ" हा प्रश्नच नाही. तिथे प्रश्न असतो फोटो हलण्याचा.

फोटो दोन कारणांनी हलतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, आपला हात हलतो. दोन, समोरचा माणूस हलतो. पहिल्यावर इलाज स्टॅबिलायझर, आणि तो तुमच्या १८-५५ मध्ये आधीच आहे. लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमोस मठातल्या चर्चमध्ये, वास्को द गामाच्या थडग्यासमोर, श्वास रोखून १८ वर १/८ ला फोटो काढाल तरी दगड छान येतील, कारण दगड हलत नाहीत. त्यासाठी एक पैसा खर्चू नका. दुसऱ्यावर स्टॅबिलायझर काही करू शकत नाही. सहा वर्षांचा मुलगा पेस्टल द नाता (तिथली कस्टर्डची गोड टार्ट) तोंडात कोंबताना १/८ काय, १/५० लाही हलतो. तिथे मोठं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोकच, लागतं; त्याचा 'एफ'चा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं.

म्हणून माझी शिफारस: ईएफ-एस २४ एफ २.८ एसटीएम. ही कॅननची चपटी पॅनकेक लेन्स. सव्वाशे ग्रॅम वजन आणि जाडी इतकी कमी की कॅमेऱ्यावर नुसतं झाकण लावल्यासारखं वाटतं. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे तिची नजर मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम, कॅमेऱ्यावरच्या ३८ सारखी पडते. टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा, हात आणि ताट तिन्ही येतात. १८-५५ ला २४-२५ च्या आसपास ॲपर्चर ४.५ पर्यंत आलेलं असतं. तिथून २.८ म्हणजे अडीच पट उजेड. जिथे शटर १/५० मिळत होतं तिथे १/१२५ मिळेल. मूल हललेलं आणि मूल ओळखू येणारं यात एवढाच फरक असतो. एम (मॅन्युअल) मोडवर शटर १/१२५, ॲपर्चर २.८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, त्याची वरची मर्यादा ६४००. एवढं लावून विसरून जा. फोटो थोडा दाणेदार आला तर येऊ दे.

"५० एफ १.८ का नको? ती तर सगळे सुचवतात, नवीही स्वस्तात मिळते." सुचवतात, बरोबरच सुचवतात, आणि उजेडाच्या हिशोबात तीच राजा. १८-५५ त्या टोकाला ५.६ असते, म्हणजे ही नऊ-दहा पट उजेड घेते. पण तुमच्या कॅमेऱ्यावर तिची नजर ८० ची होते. लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या आपल्या पणजीतल्या फोंतेन्हाशपेक्षाही अरुंद आहेत. सासूबाई आणि नातू दोघं पूर्ण यावेत म्हणून तुम्ही मागे मागे सरकणार आणि पाठ भिंतीला लागणार. पैसे उरले तर ५० दुसरी म्हणून घ्या, चेहऱ्यांसाठी. पहिली म्हणून नको.

वाइड, म्हणजे रुंद नजरेच्या, लेन्सचा मोह होईल, तेही आधीच सांगतो. १०-१८ सुंदर लेन्स आहे, मठाचा आतला चौक तिच्यातून बघण्यासारखा दिसतो. पण तुमच्या फोनमध्ये अल्ट्रावाइड असेलच, आणि उन्हात, उभ्या इमारतीसमोर तो पुरतो. उजेड कमी झाला की फोनची ती छोटी लेन्स हात टेकते, पण त्या वेळी तुम्ही वाइड काढणारही नाही, जेवायला जागा शोधत असाल.

लेन्स नसलेल्या एका वस्तूवर मात्र खर्च करा: ५८ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावून फिरवायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर, तुमच्या १८-५५ साठी. लिस्बन-पोर्तोत भिंतीच्या भिंती निळ्या-पांढऱ्या अझुलेजुंनी, म्हणजे रंगवलेल्या टाइल्सनी, मढवलेल्या आहेत, आणि त्या टाइल्सवर काचेसारखी झिलई असते. फोटोत निम्म्या टाइल्सवर नुसतं पांढरं आभाळ उमटतं. पोलरायझर फिरवला की ते आभाळ विरतं आणि खालची निळाई वर येते. पण अगदी समोर उभं राहून काढलं तर काहीच फरक पडत नाही, भिंतीला तिरकं उभं राहावं लागतं. सराव इथेच करा. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरल्या शिरल्या भिंतीवर अझुलेजुच आहेत. आणि फोंतेन्हाशमध्ये घरांच्या नावाच्या टाइल्स आहेत. मुलाला बरोबर न्या, फिल्टर त्याला फिरवू द्या. गल्लीत शिरताना मात्र काढून ठेवा, तो दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड खातो.

आता खरेदी. २४ ची लेन्स नवी सहज मिळेलच असं नाही, सेकंडहँड बघावी लागेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. लोक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांकडे वळतायत आणि डीएसएलआरच्या, म्हणजे तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या, लेन्सा विकून टाकतायत, त्यामुळे घेणाऱ्याची चंगळ आहे. उद्या तुम्ही स्वतः कॅननचा आर मालिकेतला मिररलेस घेतलात तरी या लेन्सा अडॅप्टर लावून त्यावर चालतात.

पण गोव्यात सेकंडहँड लेन्स घेणं म्हणजे बुरशीशी गाठ. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की काचेवर बुरशी धरू शकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ऐंशी-नव्वद असते. अंधारं कपाट, चामड्याची पेटी आणि न वापरलेली लेन्स, एवढं मिळालं की बुरशीला आणखी काही लागत नाही. मी एकदा म्हापशाजवळच्या एकाकडून लेन्स घेतली. बाहेरून आरशासारखी, खोका-बिल सगळं व्यवस्थित. दिवसाउजेडी बघितली, दोन फोटो काढले, पैसे दिले. रात्री घरी सहज टॉर्च मारला तर आत कडेला कोळ्याचं जाळं. खरंखुरं जाळं असावं असे धागे, एका ठिपक्यातून चहूकडे फुटलेले. दुरुस्तीवाल्याने काच उघडून पुसून दिली, पण बुरशीने कोटिंग खाल्लं होतं, त्याचा डाग काही गेला नाही. दिव्यासमोर फोटो काढला की सगळ्यावर दुधी पडदा येतो.

तेव्हा हे असं करा. फोनचा टॉर्च लेन्सच्या मागून लावा आणि पुढून तिरकं बघा, मग उलट. ॲपर्चर उघडं हवं. धूळ असणारच, दोन-चार कणांनी काही बिघडत नाही. धागे किंवा धुक्यासारखा थर दिसला तर नमस्कार करून निघा, किंमत निम्मी केली तरी. मग लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर लावा आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहून २.८ ला एक फोटो घ्या. न गिलावलेली चिऱ्याची भिंत गोव्यात कुठेही मिळते, आणि चिऱ्याची भोकं ही लेन्स तपासायची फुकटची पट्टी. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपरे बघा. सगळे सारखेच मऊ असतील तर ठीक, स्वस्त लेन्सचं ते चालायचंच. तीन कोपरे स्वच्छ आणि एक धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते, नको. पुढच्या कडेला, जिथे फिल्टर बसतो तिथे, चेपलंय का ते बोटाने चाचपा. फोकस जवळून लांब, लांबून जवळ करून बघा. अडखळत असेल तर नको.

घरी आणलीत की कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नासच्या मधे राहिला पाहिजे. दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर शेकून परत वापरायचे. निळे असतील तर शेकू नका, टाकून द्या आणि नारिंगी आणा. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नको. नारिंगी शेकायलाही जुना, वेगळा तवा ठेवा. तांदूळ घालू नका, पीठ उडतं. आमच्या आईने एकदा प्रेमाने डांबरगोळ्या टाकल्या होत्या. तेही नको, वाफ काचेवर बसते.

विकत घेण्याची घाई करू नका, पण चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, लेन्स हातात असू द्या. चवथीची संध्याकाळ म्हणजे लिस्बनच्या रेस्टॉरंटची रंगीत तालीमच: घरात पिवळा उजेड, वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची चौकट), खाली पोरांची धावपळ, आरतीत कोणी स्थिर उभं नाही. तिथे २४ वर १/१२५ ला दहातले सहा फोटो धड आले तर तुम्ही तयार आहात. नाही आले तर अजून पावणेदोन महिने हातात आहेत.

बाकी किरकोळ. लेन्स तिथे जाऊन घेण्याचा विचार सोडा. पोर्तुगालचा व्हॅट २३ टक्के, परतावा मिळतो पण सगळा नाही, आणि विमानतळावर मूल आणि सासूबाई यांना घेऊन त्या रांगेत उभं राहायचं तुम्हालाच आहे. आहे त्या सामानाची बिलं फोनमध्ये ठेवा. जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. २८ नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापू असतात, तिथे लेन्स बदलू नका. २४ लावूनच चढा आणि कॅमेरा पोटाशी धरा.

आणि १०-१८ चा मोह सुटत नसेल तर माझी घेऊन जा. नोव्हेंबरात ती तशीही डब्यात पडून असते. पणजीला आलात की कळवा, टॉर्च मारून तपासून घ्या. परत देताना सिलिका जेलची पुडी मात्र आठवणीने परत घाला.