आंब्याचे पैसे, स्टीलची फ्रेम आणि १८ हप्ते

वाचकाचा प्रश्न (लांब पत्रातला सारांश): वय ३६, गुहागर तालुका. पगार हातात ४४,०००, घरखर्च ३०,०००, अडीअडचणीसाठी बँकेत ६०,०००. यंदा कलमं बरी धरली, मजुरी-फवारणी वजा जाता १,४०,००० सुटले. सायक्लोक्रॉसची (चिखल-मातीतून, अडथळे ओलांडत होणारी) शर्यत आणि लांबची टूर दोन्हीला चालेल अशी स्टीलची फ्रेम परदेशातून मागवायची आहे. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आयात ड्यूटीसकट १,१५,०००, सायकल पूर्ण उभी करायला २,२०,०००. दुकानदार १८ महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता देतोय, म्हणजे आंब्याच्या पैशांना हात लागणार नाही. घेऊ का?

सायकल घ्या. ही नको, आणि आत्ता तर नकोच.

हप्ता बसतो १२,२२२ रुपये. घरखर्च भागवून तुमच्या हातात उरतात १४,०००. म्हणजे दीड वर्ष महिन्याकाठी १,७७८ रुपये शिल्लक. त्यात एक दवाखाना किंवा एक लग्न निघालं की संपलं. 'आंबा आहे ना' म्हणाल. पण हापूस एक वर्ष भरभरून येतो नि दुसऱ्या वर्षी हात आखडतो, हे गुहागरकराला मी काय सांगणार! तुमचे १८ हप्ते नेमके त्या दुसऱ्या हंगामावरून जातात. आणि 'नो कॉस्ट'चं म्हणाल तर शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, तेच तुमचं व्याज. शिवाय हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते. रोखीचा भाव काय, एवढंच दुकानात विचारून बघा.

आता फ्रेमकडे येतो. खरं तर तुमच्या पत्रातला हाच भाग मी दोनदा वाचला. शर्यतीवर एक वाक्य आणि टूरवर दीड पान! वर्षातून दोनदा मित्रांनी सड्यावर आखलेली शर्यत, आणि बाकी सगळं तवसाळहून फेरीबोटीने जयगड, धोपाव्याहून दाभोळ, पुढे हर्णै. मग पैसे शर्यतीच्या फ्रेमला का घालताय? सायक्लोक्रॉसचं घर म्हणजे बेल्जियम-नेदरलँड्सचा हिवाळ्यातला चिखल. तासाभराची शर्यत, वाटेत आडव्या फळ्या ४० सेंटिमीटरच्या, तिथे उतरून सायकल उचलून पलीकडे न्यायची. (आपला दगडी गडगा त्याहून उंच असतो, तुमचा सराव चांगला होईल.) त्यासाठीच्या फ्रेमची मागची दांडी (पॅडलच्या मधल्या आसापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतची) आखूड, साधारण ४२५ मिलिमीटर. टूरच्या फ्रेमची ४५०च्या आसपास. आखूड फ्रेमला कॅरिअर लावून मागे पिशव्या अडकवल्या की दर पॅडलला टाच पिशवीला घासते. जयगडच्या चढावर ते तासभर सोसून बघा! टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद नको हा नियम आंतरराष्ट्रीय शर्यतीतला. सड्यावर तुमचे मित्र काही माप घेऊन बसणार नाहीत. जांभ्याच्या खडीवर मला तरी ४५चा टायर मावेल अशीच फ्रेम हवी.

म्हणून टूरकडे झुकलेली, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची तयार सायकल बघा. डिस्क ब्रेक, कॅरिअर-मडगार्डची भोकं, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (पॅडल फिरतात तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग). तुम्ही स्वतःच पत्रात १,०५,०००ची एक लिहिलीय आणि 'जड आहे' म्हणून बाजूला ठेवलीय. स्टीलची फ्रेम दोन किलोच्या आगेमागे, कार्बनची एक. दोन पिशव्या, तंबू आणि आईने दिलेले लाडू लादल्यावर तो किलो कुठे जाणवणार? शर्यतीसाठी नंतर चाकांची दुसरी जोडी घ्या, खाचांचे टायर चढवलेली. एका सायकलच्या दोन सायकली होतात त्या चाकांनी.

खाऱ्या हवेचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही. हर्णैला घरी माझी स्टीलची सायकल दोन पावसाळे पडवीत उभी होती. तिसऱ्या वर्षी सीट वर करायला गेलो तर ॲल्युमिनियमची सीटपोस्ट स्टीलच्या नळीत चिकटून बसलेली. शेवटी करवतीने कापून काढली. फ्रेम उलटी केली तेव्हा बॉटम ब्रॅकेटमधून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. बाहेरचा रंग मात्र नव्यासारखा! तेव्हा दर पावसाळ्याआधी नि नंतर सीटपोस्ट काढून ग्रीस लावा, खालचं पाण्याचं भोक मोकळं ठेवा, नळ्यांत आतून अळशीचं तेल फिरवा. वर्षाला ५,००० बाजूला धरा. 'स्टील काय, कोणीही वेल्डिंग करून देतो' यावर विसंबू नका. या नळ्यांचा पत्रा मधल्या भागात एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो, ग्रिलवाल्याचा रॉड त्यांना भोक पाडतो.

पैशाचं असं करा. १,४०,०००पैकी ९०,००० आजच अडीअडचणीच्या खात्यात टाका. तिथे १,५०,००० होतील, म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च. उरले ५०,०००. १२,२२२चा हप्ता झेपतो म्हणता ना, तर जून ते ऑक्टोबर तोच हप्ता आवर्ती ठेवीत भरा. पाच महिन्यांत ६१,११० जमतात, दिवाळीच्या सुमारास हाती १,११,०००. एखादा हप्ता चुकला तर दुकानदाराला तोंड दाखवायला नको. एवीतेवी जूनमध्ये घेतलेली सायकल पडवीतच उभी राहणार होती. नोव्हेंबर-डिसेंबरच्या दोन हप्त्यांत दुसरी चाकं.

फक्त मागचा हब (चाकाचा मधला भाग) १२ बाय १४२चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाड आसाचा नि १४२ मिलिमीटर रुंदीचा आहे ना, हे बिलावर लिहून घ्या. वेगळ्या मापाचा निघाला तर डिसेंबरात घेतलेली चाकं बसायची नाहीत. आणि बघायला जाल तेव्हा पिशव्या घेऊन जा, दुकानातच लावून टाच घासतेय का ते बघा.