संध्याकाळी सायकल चालवताना डोळ्यांत, तोंडात किडे जातात. हेल्मेटमध्ये मधमाशी शिरली तर काय करावं?

तुम्ही पणजीहून ऑफिस सुटल्यावर रायबंदरच्या कॉजवेने घरी जाता, असं लिहिलंय. मीही त्याच रस्त्याचा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी, त्यामुळे तिन्हीसांजेला तिथे चिलटं असणारच.

माझं ठाम मत असं की किड्यापेक्षा आपला हात जास्त धोकादायक. डोळ्यात काही गेलं की हात हँडलवरून सुटतो, सायकल रस्त्याच्या मध्ये सरकते आणि नेमकी तेव्हाच मागून बस येत असते. म्हणून चालत्या सायकलवर हात काढायची वेळच येऊ नये, अशी तयारी हवी.

सगळ्यात आधी चष्मा. ताशी २५ किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला सात मीटर पुढे जातो. पापणी मिटेपर्यंत किडा डोळ्यात पोचलेला असतो. काळा गॉगल संध्याकाळी नको, खड्डे दिसत नाहीत. पारदर्शक काचांचा, कडेनेही डोळे झाकणारा घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल स्वस्त असतो आणि चांगलं काम देतो. गालाला अगदी चिकटून बसणारा मात्र घेऊ नका. आपल्या दमट हवेत आल्तिनोचा चढ चढताना त्यावर लगेच वाफ धरते.

तरीही किडा डोळ्यात गेलाच, तर दोन्ही ब्रेक हळू दाबून कडेला थांबा. डोळा चोळू नका, बुबुळावर ओरखडा उठू शकतो. साध्या पाण्याने धुवा. त्यासाठी एका बाटलीत साधंच पाणी ठेवा, सरबत किंवा ओआरएस नको. धुतल्यावरही खुपत राहिलं किंवा धूसर दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

तोंडाचं सोपं आहे: नाकाने श्वास घ्या, दम लागत असेल तर गळ्यातला बफ (नळीसारखा कापडी पट्टा) वर ओढा. चिलट गिळलं गेलं तरी घाबरण्यासारखं काही नाही.

दिव्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. हेल्मेटवर लावलेला दिवा किड्यांना थेट तोंडाशी बोलावतो. दिवा हँडलवर, खाली लावा. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी रस्त्यावरच्या दिव्यांखाली घोंघावते, तेव्हा त्या उजेडातून जाताना मान थोडी खाली घाला, तोंड मिटा आणि सायकल सरळ ठेवा.

आता मधमाशी. हेल्मेटची भोकं पुढे उघडी असतात आणि आत गेलेली माशी केसांत अडकून घाबरते. वरून थापट मारली की ती डंख मारणारच. कडेला थांबा, बक्कल सोडा, हेल्मेट उलटं करा, ती आपली आपण उडून जाते. आतून जाळी असलेलं हेल्मेट मिळतं; नसेल तर खाली पातळ सुती कापड बांधा. तीव्र वासाचं अत्तर किंवा केसांचं तेल लावून निघू नका.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्यातून विष उतरत राहतं, म्हणून नखाने खरवडून तो लगेच काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पण पुन्हापुन्हा डसते. दोन्हींवर बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवा. मोलेच्या बाजूला रानातून जात असाल आणि आग्यामोहोळ उठलं, तर हात न हलवता जमेल तितक्या लवकर तिथून निघा आणि बंद जागा गाठा.

डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरी पोचायचा विचार सोडा. सायकल तिथेच ठेवा आणि १०८ ला फोन करा. पूर्वी कधी असं झालं असेल, तर जवळ बाळगायच्या एपिनेफ्रिनच्या (तीव्र ॲलर्जीवरच्या) इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या.