रिपोर्ट नॉर्मल आले तरी डॉक्टरांना घरातलं सांगा

सातपूरच्या ताई, तुमच्या भाच्याने वर्षभर बापाने आईला केलेली मारहाण बघितली, आता मायलेक तुमच्याकडे आलेत. सात वर्षांचा पोरगा रोज पोट दुखतं म्हणतो, अंथरुणात पुन्हा शू करायला लागलाय. तपासण्या नॉर्मल. हे बालरोगतज्ज्ञांना सांगावं, की घरातलं घरातच ठेवावं?

सांगा. मी नाशकात बरीच वर्षं मुलांच्या ओपीडीत सिस्टर होते. "कुठे दुखतं रे?" विचारलं की अशी मुलं आधी आईच्या तोंडाकडे बघतात, मग बेंबीभोवती हात फिरवतात. नाटक नसतं ते, खरंच दुखतं. सतत धास्तीत राहिलेल्या मुलाची झोप, भूक, पोट, सगळंच बिघडतं. अमेरिकेत १९९८ साली फेलिट्टी, आंडा वगैरे डॉक्टरांनी साडेनऊ हजार प्रौढांचा अभ्यास छापला. लहानपणच्या ज्या सात प्रकारच्या गोष्टी त्यांनी विचारल्या, त्यात आईला होणारी मारहाणही होती. असे प्रकार जितके जास्त, तितके पुढे नैराश्य, व्यसनं, हृदयविकार जास्त. म्हणजे भाच्याचं नशीब ठरलं असं मुळीच नाही, पण डॉक्टरांना हे ठाऊक हवं.

फक्त पोरासमोर बोलू नका. दवाखान्यात फोन करून तपासणीचा शेवटचा नंबर मागा. काय बघितलं, कधीपासून, आता धोका आहे का, एवढं कागदावर लिहून फाईलमध्ये ठेवा. डॉक्टरांशी बोलणं होईतोवर मावशीने, म्हणजे तुम्ही, त्याला बाहेर वजनकाट्याशी रमवावं.

घरी चादर बदलायची, विषय संपला. आल्यागेल्यासमोर "सांग रे, बाबा काय करायचे" हे बंद करा. आपल्याकडे ही फार वाईट खोड आहे. आईने कामाला गुपचूप सटकू नये. येण्याची वेळ सांगावी आणि पाळावी.

महिन्याभरात फरक नाही पडला तर चिठ्ठी घेऊन बालमानसोपचार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलाच्या जिवाला धोका वाटला तर मुलांची हेल्पलाईन, १०९८. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना कळवावंच लागतं, त्यांना गप्प बसायची गळ घालू नका.

बाप शाळेतून घेऊन गेला तर, हा तुमचा दुसरा प्रश्न डॉक्टरांचा नाही. बहिणीला संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरातल्या हिंसेच्या तक्रारींसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे न्या. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो.