पूर्वग्रह आणि भेदभाव यांची गल्लत नको
अभ्यासाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: पूर्वग्रह मनात असतो, भेदभाव वागण्यात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० च्या दशकारंभी एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर प्रवास केला, तेव्हा २५१ हॉटेले व खानावळींपैकी केवळ एका ठिकाणी नकार मिळाला; मात्र सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने प्रश्नावली पाठवून विचारले असता, उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळवले. पत्र लिहिणारा आणि दारात स्वागत करणारा एकच असेल असे नाही, ही शंकाही वहीत टिपून ठेवा. मला स्वतःला तो दारातला क्षण फार बोलका वाटतो, कारण हसतमुख, अस्खलित इंग्रजी बोलणारी माणसे समोर उभी असताना नकार देणे जड जाते. म्हणून निव्वळ प्रश्नावलीवर निष्कर्ष काढू नका. आधी प्रत्यक्ष वागणूक पाहा.