साठ हजार देऊन कादंबरी काढावी का?

प्रश्न : माझी पहिली कादंबरी लिहून झाली आहे, छापून तीनशे पानं होतील. एका प्रकाशकांनी ती आवडल्याचं कळवलं, पण ५०० प्रतींच्या आवृत्तीसाठी ६० हजार रुपये मागितले आहेत. 'रॉयल्टीतून वसूल होतील' म्हणतात. खरंच होतात का? लेखकाला एका पुस्तकामागे मिळतं तरी किती?
— एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : नाही होत, ताई. हिशेबच मांडून दाखवते. मराठीत रॉयल्टी सहसा १० टक्के असते. नाव झालेल्या लेखकाला १५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. तुमच्या कादंबरीची छापील किंमत ४०० रुपये धरू. प्रतीमागे तुमचे ४० रुपये. पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तरी २० हजार, आणि नव्या लेखिकेच्या कादंबरीची आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षं सहज लागतात.

त्यातही टक्के कशावर धरलेत ते करारपत्रात बघा. 'छापील किमतीवर' असेल तर ४० रुपये. 'निव्वळ विक्रीवर' असेल, तर विक्रेत्याचं कमिशन आधी वजा होतं. ते ४० टक्के असलं की उरतात २४०, आणि तुमच्या वाट्याला २४ रुपये. वीस हजारांचे बारा हजार झाले! कुठलाही करार हातात आला की मी आधी हेच शोधते. अभिप्रायासाठी आणि सप्रेम भेट गेलेल्या प्रतींवर सहसा काही मिळत नाही.

माझंच सांगते. माझ्या कथासंग्रहाचा हिशेब दरवर्षी मार्चअखेरीनंतर येतो. गेल्या वर्षी ४१ प्रती गेल्या. किंमत २५० रुपये, माझे झाले १,०२५. त्यातल्याच एका कथेचं दिवाळी अंकाने याहून जास्त मानधन दिलं होतं. संग्रह बी.ए.च्या अभ्यासक्रमाला लागला तेव्हा मात्र चांगली रक्कम आली. अभ्यासक्रम बदलला आणि ती थांबली. घर चालतं ते भाषांतरावर आणि मुद्रितशोधनावर. लिहिणाऱ्या प्रत्येकीला हे आधीच माहीत असायला हवं, म्हणून आकड्यांसकट सांगितलं.

तेव्हा ६० हजार देऊ नका. स्वतःच्या पैशाने काढायचंच असेल, तर डीटीपीची, छपाईची बिलं तुमच्या नावे हवीत आणि सगळ्या प्रती तुमच्या मालकीच्या. खर्च तुमचा आणि हक्क त्यांचे, हे मला मुळीच मान्य नाही. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे.

करार तोंडी नको. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी, सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं छापलेल्या कागदावर सही केलीत, तर मुदतीचा हा आधार उरत नाही. ती ओळ खोडायला लावा. भाषांतर, ऑडिओबुक, चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवा. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब आणि नवी आवृत्ती काढण्याआधी तुम्हाला पत्र, ही दोन कलमं नसतील तर घालून घ्या. मसुदा मासिकाच्या पत्त्यावर पाठवलात, तर तुमची सही होण्याआधी मी तो वाचून कळवीन.